शिस्त आणि अपमान

(वरवे बुद्रुक, तालुका भोर, येथे निवृत्त सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



पलटणीतून पेन्शनीवर आलेली माणसे एकत्र बसली म्हणजे काय बोलतात, हे त्यांच्या घरच्या मंडळींना पाठ झालेले असते. लढाईची गोष्ट क्वचित निघते. निघते ती किटाची, बुटाची, गिनतीची आणि हवालदार मेजरच्या शिट्टीची. आज सकाळपासून या विहाराच्या ओसरीवर तेच चालले होते आणि ते ऐकताना मीही पोटभर हसलो. तथापि हसता हसता एक विचार मनात आला, तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. आपण ज्यांना किरकोळ म्हणून हसण्यावारी नेतो, त्या सर्वच गोष्टी किरकोळ असतात काय? आणि नसतील, तर किरकोळ कोणती व गंभीर कोणती, हे ओळखावयाचे कसे?

प्रथम हसण्याजोग्या गोष्टी घेऊ. एका सुभेदारसाहेबांनी सांगितले की, त्यांच्या पलटणीत प्रत्येक जवान बुटांचे दोन जोड बाळगीत असे. एक पायात घालावयाचा आणि दुसरा किट तपासणीच्या दिवशी खाटेखाली मांडावयाचा. मांडावयाच्या जोडाला जन्मात माती लागत नसे. त्याच्या तळव्याचे खिळेसुद्धा घासूनपुसून चकचकीत ठेवलेले असत. दुसऱ्या एका बंधूंनी दगडांना चुना लावल्याची हकीकत सांगितली. मोठे साहेब तपासणीस येणार म्हणून रस्त्याकडेचे दगड दोन दिवस रंगविले. साहेब आले ते दुसऱ्याच रस्त्याने. झाले! दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला की, त्या रस्त्याचेही दगड रंगवा. साहेब तर येऊन गेले, मग आता कशासाठी, असे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. तिसऱ्या बंधूंची गोष्ट थोडी कडू आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला, एस. टी. बंद पडली आणि सुट्टी संपवून पलटणीत हजर होण्यास त्यांना एक दिवस उशीर झाला. अर्दली रूममध्ये उभे केले, पुराची हकीकत कोणी ऐकून घेतली नाही आणि सात दिवसांची सजा ठोठावली.

पुरात अडकलेल्या माणसाला सजा देणे हा अन्याय होता, यात शंका नाही. परंतु ही गोष्ट सांगताना त्या बंधूंच्या आवाजात विष नव्हते. मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "माझ्याबरोबर साताऱ्याकडचा एक मराठा जवान होता, तोही त्याच पुरात अडकला होता. त्यालाही सातच दिवस मिळाले. दोघांनी मिळून गवत कापले." बंधूंनो, हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. नियम मूर्खपणाचा होता, सजा कठोर होती. पण ती सजा माणूस पाहून दिलेली नव्हती. दोघांच्या हातांत एकच खुरपे होते. म्हणून आज त्या गोष्टीवर हसता येते.

आता दुसरी गोष्ट ऐका. तीही आजच सांगितली गेली. परंतु ती ऐकताना कोणी हसले नाही. आपले एक बंधू काही महिन्यांसाठी दुसऱ्या एका तुकडीबरोबर कामास गेले होते. तेथील लंगरात पाणी वाढणारा माणूस इतरांच्या मगात मग टेकवून पाणी देई आणि यांच्या मगात हातभर उंचीवरून धार सोडी. त्यांनी वरच्या नायकाकडे तक्रार केली. नायक म्हणाला, "पाणी तर मिळते ना? मग छोट्या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला?" आमच्या बंधूंना कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, दंड केला नाही, की पगार कापला नाही. सात दिवस गवत कापण्याच्या तुलनेत ही हातभर पाण्याची धार म्हणजे काहीच नव्हे. आणि तरीही आज इतक्या वर्षांनी ती सांगताना त्या वृद्ध सैनिकाचा कंठ दाटून आला.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे आपल्याला हवी असलेली कसोटी सापडेल. गोष्ट लहान की मोठी हे तिने शरीराला किती कष्ट दिले यावरून ठरत नाही. जो नियम सर्वांना सारखा लागू होतो, तो कितीही जाचक असला तरी त्याचे नाव शिस्त. जो नियम माणसाची जात पाहून लागू होतो, तो कितीही सौम्य असला तरी त्याचे नाव अपमान. शिस्तीने थकलेले शरीर रात्रीच्या झोपेने ताजे होते. अपमानाचे तसे नाही. तो माणसाबरोबर घरी येतो आणि पेन्शन सुरू झाली तरी निवृत्त होत नाही.

हा भेद आपल्या पूर्वजांना फार महागात शिकावा लागला आहे. भीमेच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर कोरलेल्या मृत शिपायांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ महारांची नावे आहेत. त्यानंतर पाऊणशे वर्षे मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई होते. त्या फौजेने त्यांना किटाचे व कवायतीचे सर्व जाचक नियम लावले. पण त्याबरोबर आणखी एक नियम लावला, तो म्हणजे शिक्षणाचा. पलटणीतल्या मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीतच झाला. गावच्या शाळेत ज्या मुलाला दाराबाहेर बसविले असते, त्याला छावणीच्या शाळेत पाटी मिळाली. शिस्तीने दिलेले हे सर्वांत मोठे दान होय.

आणि मग काय घडले? १८९२च्या सुमारास सरकारने सैन्याची रचना जातवार केली. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या डोक्यात लढवय्या आणि बिनलढवय्या जातींची कल्पना बसली होती. तिच्या आधारे महारांची भरती बंद झाली. ज्या कचेरीत तो कागद लिहिला गेला, तेथे ती व्यवस्थेची एक बाब असेल. येथे मात्र एका संपूर्ण समाजाची भाकर, पाटी आणि प्रतिष्ठा एकाच वेळी गेली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीस बसून १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आपल्या या मुलखाला लागूनच असलेल्या सासवडला १९०३ साली शिवराम जानबा कांबळे यांनी ५१ गावांतील महारांची सभा भरविली, आणि १९१० साली जेजुरीच्या परिषदेतून पुन्हा विलायतेच्या मंत्र्यांकडे अर्ज गेला. सैन्यात आणि पोलिसांत आम्हांस घ्या, एवढीच मुख्य मागणी. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडलीही गेली. गरज होती तेव्हा लढवय्ये, गरज सरली तेव्हा बिनलढवय्ये! अखेर दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेबांनी नेटाने धरलेल्या आग्रहानंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज त्या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात सर्व जातिधर्मांचे जवान एकत्र नांदतात. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७च्या हौतात्म्याबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते जन्माने महार नव्हते. नाव एका जातीचे आणि दार सर्वांना खुले, असे हे घर आहे. ज्यांच्यासाठी एके काळी दार बंद केले होते, त्यांनी स्वतःच्या नावाच्या घराचे दार कोणास बंद केले नाही, ही अभिमानाची गोष्ट नव्हे काय?

परंतु छावणीचे दार उघडले म्हणून गावाची वेस उघडली असे झाले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी सांगितलेली हकीकत एकाच साच्याची आहे. पलटणीत मशीनगनचा ताबा असलेला नाईक सुट्टीवर गावी येई. अंगावर गणवेश, पायांत बूट. चावडीपाशी आला की कोणी तरी म्हणे, "बूट काढून हातात घे." आणि घरात शिरावे तो म्हातारा बाप सांगे की, यंदा वतनाची पाळी आपल्याकडे आहे आणि मला तर चालवत नाही. मग तोच नाईक दुसऱ्या दिवशी सरकारी टपाल घेऊन अनवाणी दुसऱ्या गावी चालत जाई. या भोर संस्थानात ८ मार्च १९४८ पर्यंत पंतसचिवांचा अंमल होता. संस्थान विलीन झाले, तरी वतन राहिलेच. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५९ साली अमलात आला, तेव्हा कुठे वेसकराची काठी कायद्याने हातातून सुटली. विचार करा, सीमेवर ज्याच्या हातात सरकारने बंदूक दिली होती, त्याच्या हातात गावाने काठी दिली, आणि दोन्हींना 'सरकारी काम' असेच नाव होते!

खुद्द बाबासाहेबांचे बालपण याला साक्षी आहे. १९०१च्या सुमारास सुभेदार रामजी खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. सैनिकाची मुले ती, स्वच्छ कपडे, नीट बोलणे. स्टेशनमास्तरला जात कळेपर्यंत तो आपुलकीने बोलत होता. जात कळताच तो मागे सरला. गाडीवान भाड्याने नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैल हाकले आणि वाटेत कोणी त्यांना पाणी दिले नाही. सुभेदाराचा हुद्दा, छावणीची शिस्त, धुतलेले कपडे, यांपैकी एकही गोष्ट त्या मुलांना पेलाभर पाणी मिळवून देऊ शकली नाही. लंगरातील त्या हातभर धारेचा उगम येथे आहे. म्हणून ती धार छोटी म्हणणाऱ्या नायकाला मी विचारीन की, बाबा, जी गोष्ट मसूरपासून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत पुरली, ती छोटी कशी?

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल की, सैनिकाने हक्काची भाषा बोलू नये. सैन्य आज्ञेवर चालते. हा आक्षेप टाकाऊ नाही आणि बाबासाहेबांनीही तो टाकलेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ने सैन्यातील शिस्त राखण्यासाठी सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. म्हणून सैनिकाला संघटना काढता येत नाही, राजकीय सभेत भाग घेता येत नाही, वर्तमानपत्रात तक्रार छापता येत नाही. पण त्याच घटनेचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, आणि अस्पृश्यता पाळल्याशिवाय शिस्त राखता येत नाही असे म्हणण्यास कोणी सेनापती धजणार नाही. शिस्तीसाठी सैनिकाचे बोलणे आखडता येते. त्याचे माणूसपण आखडता येत नाही. शिवाय १९५०च्या सेना कायद्याचे कलम २६ जवानाला वरिष्ठाविरुद्धही दाद मागण्याचा मार्ग देते, आणि २००७च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरणही स्थापन झाले आहे.

मात्र नोकरीत असताना ही दाद प्रत्येकाने एकट्याने मागावयाची असते. दहा जणांनी मिळून अर्ज केला तर तोच गुन्हा ठरतो. म्हणून कित्येक जण गप्प बसले. एकटा माणूस, परमुलूख, घरी मनीऑर्डरची वाट पाहणारी माणसे. त्याने धारेच्या उंचीवरून भांडण करावे अशी अपेक्षा कोणी कोणत्या तोंडाने करावी? त्यांच्या त्या मौनाला मी भित्रेपणा म्हणत नाही. पण बंधूंनो, आता आपण पेन्शनीवर आहात. आता दहा जणांनी मिळून बोलणे हा गुन्हा नाही. तेव्हाचे मौन नियमाचे होते. आजचे मौन मात्र आपल्या स्वतःच्या मर्जीचे ठरेल.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळतो. तो ना हसण्याचा, ना रडण्याचा. तो कागदाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगाव लाखो लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर भरती झालेल्या एका बंधूंची आजची हकीकत अशी. भरतीच्या वेळी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा असे त्यांनी सांगितले. कारकून म्हणाला, "हिंदूच लिहितो, फरक काय पडतो?" रंगरूटाने वाद घातला नाही. घरात बुद्धाची तसबीर आणि सेवापुस्तकात हिंदू, असे त्यांचे सारे आयुष्य गेले. याउलट दुसऱ्या बंधूंनी आग्रह धरून 'बौद्ध' लिहून घेतले. आणि त्यांच्या मुलाला पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत नाकारली गेली. कारण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले, आणि बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे खरे लिहिणाऱ्याचे नुकसान झाले आणि खोटे लिहिले जाऊ देणाऱ्याचे निभावले.

या दोन बंधूंपैकी कोणाला दोष द्यावा? मी दोघांनाही देत नाही. दोष त्या रकान्याचा आहे, ज्याने माणसाला धम्म आणि लेकराची भाकर यांत निवड करावयास लावली. कारकुनाला एका शब्दाचा फरक वाटला नाही. त्या एका शब्दात एका पिढीची नोकरी होती. लहान नियम कसा मोठा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या धम्माने या प्रश्नाचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी केला आहे. भिक्खुसंघालाही नियम होते आणि ते पलटणीपेक्षा कमी नव्हते. चीवर कसे नेसावे, भिक्षापात्र कसे धरावे, कोणी कोणास प्रथम वंदन करावे, हे सारे ठरलेले होते. परंतु संघातील ज्येष्ठता जन्मावरून मोजली जात नसे. दीक्षेच्या दिवसावरून मोजली जाई. शाक्य राजपुत्र दीक्षा घेण्यास आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी स्वतःच भगवंतांना विनंती केली की, प्रथम उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळेल. तसेच झाले. आणि पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या शिस्तीचे, सारे नियम सांगण्याचा मान त्याच उपालीला मिळाला. ज्याला जगाने शेवटच्या रांगेत बसविले, तोच शिस्तीचा आचार्य झाला!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, संघाची इच्छा असेल तर त्याने क्षुद्रानुक्षुद्र नियम रद्द करावेत. पण ते कोणते, हे आनंदाने विचारले नाही. म्हणून संगीतीत सर्वच नियम कायम ठेवले गेले. यातून मी घेतो तो बोध असा. नियम माणसासाठी असतात आणि ते बदलता येतात, ही मोकळीक स्वतः शास्त्याने दिली होती. परंतु क्षुद्र कोणते हे वेळीच विचारले नाही, तर क्षुद्रही कायमचे होऊन बसते. विचारणे हे अनुयायाचे कर्तव्य आहे.

म्हणून अखेरीस तीन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या या आठवणी लिहून काढा. स्वतःला लिहिता येत नसेल तर नातवाला बसवून सांगा. चुन्याच्या दगडांची गोष्ट लिहा आणि पाण्याच्या धारेचीही लिहा. दोन्हींतला भेद मात्र नातवाला समजावून द्या. निव्वळ गंमत म्हणून सांगितलात, तर अपमानही गंमतीतच जमा होईल.

दुसरी, आपापले कागद आजच तपासा. पत्नीचे नाव, लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद पलटणीच्या दप्तरात झाली आहे काय ते पाहा. येथे बसलेल्या एका भगिनीचे नाव दप्तरात एक, आधार कार्डावर दुसरे. पती वारल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला कित्येक महिने खेटे घालावे लागले. नवऱ्याचा हात जिवंत आहे तोवर सहीला पाच मिनिटे लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुण्यात आहे. तेथे एकट्या भगिनीला धाडू नका, बरोबर जा. आणि आजोबांचे जुने सेवापुस्तक, शाळेचा दाखला जाळू नका, रद्दीत देऊ नका. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या कागदावर 'महार' हा शब्द पाहून आपल्याला एके काळी मान खाली घालावी लागली, तोच कागद उद्या नातीच्या शिक्षणाला उपयोगी पडू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण हुकूम देण्याच्या जागेवर होते आणि घरात आजही आहेत. कोणाच्या मगात आपण उंचावरून धार सोडतो काय, हे प्रत्येकाने पाहावे. सुनेला, विहारात झाडलोट करणाऱ्या मुलाला, आपल्याहून गरीब असलेल्या दुसऱ्या समाजाच्या माणसाला, "छोटी गोष्ट आहे, सोडून दे" असे आपण म्हणतो काय? म्हणत असू, तर तो नायक आपल्यातच शिरला आहे. बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे आपण म्हटले आहे. ती प्रतिज्ञा दीक्षेच्या एका दिवसापुरती नाही. गिनतीला जसे रोज उभे राहावे लागते, तसे तिच्यापुढेही रोज उभे राहावे लागेल.

शिस्त सोडू नका. तिनेच आपल्या हाती पाटी दिली आणि तिनेच समता सैनिक दलाच्या रांगा उभ्या केल्या. परंतु शिस्तीच्या नावाखाली आलेला अपमान मात्र एक दिवसही खपवून घेऊ नका, मग तो इतरांनी आपला केलेला असो, की आपण इतरांचा केलेला असो.

जय भीम!